खरवडलेली काकू

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे; पण खऱ्या नावानं हाक मारली तर ती मागं वळूनही बघायची नाही. बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षराचं वळण तिनं त्याच्याकडून घेतलं आणि रागही त्याच्याचकडून उचलला. गिऱ्हाईक "जरा आणखी लाल करा" म्हणालं की बाप ब्रश डब्यात आपटायचा. ही डबाच आपटायची.

पुढं छापील फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम बसलं. बापही घरी बसला. ठिणगी बसणाऱ्यातली नव्हती. उरलेसुरले रंग उचलले आणि रस्त्यावरची माणसं रस्त्याच्याच भिंतींवर काढायला लागली. भरदिवसा, शिडीवर चढून, खाली जमलेल्या रिकामटेकड्यांशी भांडत भांडत. ज्याचं दुकान त्याच्याच शेजारी त्याचं चित्र: न्हावी, चांभार, दूधवाली.

तिची एक तऱ्हा होती. चित्र काढलं आणि सुटलो, असं नाही. माणूस बदलला की ही शिडी घेऊन हजर. न्हाव्याला टक्कल पडलं, तसे भिंतीवरच्या न्हाव्याचेही केस गेले. तो बिचारा गयावया करायचा, "अगं, भिंतीवर तरी राहू दे की चार!"

"आधी डोक्यावर आण. मग भिंतीवर आणते."

सगळ्यांत मोठं चित्र इस्त्रीवाल्या काकूंच्या शेडच्या मागच्या भिंतीवर. काका आणि काकू शेजारीशेजारी. काकांच्या हातात इस्त्री, काकूंच्या हातात पाणी शिंपडायची वाटी. काका गेले तेव्हा ठिणगीनं बिचकतच विचारलं, "काकू, यांचं काय करू?"

"पुसू नकोस. म्हातारेही करू नकोस. माझं मात्र चालू ठेव."

तेव्हापासून भिंतीवरचे काका जिथल्या तिथं आणि काकू दर खेपेला थोड्या पुढं. पांढऱ्या बटा आल्या, चष्मा आला, खांदा वाकला. शेड उघडली की काकू आधी भिंतीशी बोलायच्या. "आज नुसते शर्टच शर्ट आहेत हो," म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

अशात एका कलादालनाच्या मालकानं ही चित्रं पाहिली. काय गोड बोलायचा माणूस! मुंग्या लागाव्यात इतकं गोड. "ताई, तुम्ही रस्त्यावर वाया चाललात," म्हणाला. ठिणगी आधी फणफणली, मग गेली. खोटं कशाला बोला, तिलाही ते आवडलं. कॅनव्हासवर कामं केली, ती दालनात लागली, लोक वाहवा करायला लागले, पेपरात फोटो आला. बापानं तो कापून उशीखाली ठेवला आणि तिला म्हणाला, "हात अजून जडच आहे तुझा."

तिची अट एकच होती: भिंतींना हात लावायचा नाही. "छे छे! भिंती तर आमचा जीव की प्राण," मालक म्हणाला.

काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, चष्मा सुटला. तो भिंतीवरूनही उतरवायला ठिणगी शिडी घेऊन गेली, तर शेडमागं भिंतच नाही. भलंमोठं भगदाड, त्यावर प्लास्टिकचा कागद फडफडतोय, आणि काकू पाठ फिरवून इस्त्री करताहेत.

"काकू, भिंत कुठाय?"

"नेली. जागेच्या मालकानं विकली म्हणे तुझ्या त्या दालनवाल्याला. यंत्रानं कापली, लोखंडी चौकटीत बसवली आणि गेले घेऊन."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मला वाटलं, तूच सांगितलंयस."

ठिणगीच्या अंगाची लाही लाही झाली. काकूंनी इस्त्री उभी केली. "मला बाकी काही नको गं. ते तेवढे परत आण."

दोघी तशाच निघाल्या. दालनात भिंत मधोमध उभी, वर दिवे सोडलेले, भोवती दोरी. ठिणगी तरातरा पुढं गेली. भिंतीवर काका होते तसेच होते. शेजारच्या काकू मात्र काळ्याभोर केसांच्या, ताठ, नव्या नवरीसारख्या हसऱ्या!

मालक हात चोळत आला. "बघितलंत ताई? कुणीतरी तुमच्या चित्रावर फासलं होतं. पांढरं काय, चष्मा काय! आमच्या तज्ज्ञांनी थरावर थर खरवडून तुमचं मूळ काम वर काढलं."

"फासलं होतं? मेल्या, ते मी रंगवलं होतं! काकांच्या माघारी ही बाई कशी जगली, ते एवढंच तर होतं तिथं. आणि ते तू खरवडून टाकलंस?"

"हळू बोला, पाहुणे आहेत."

"पाहुण्यांनाही कळू दे, तू काय चीज आहेस ते!"

काकू दोरीशी उभ्या राहून त्या तरुण बाईकडं एकटक बघत होत्या. रखवालदार म्हणाला, "आजी, मागं सरका." त्या सरकल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "हिला अजून ठाऊकच नाही, हे जाणार आहेत ते."

ठिणगीनं पदराचं टोक दातात धरलं. मालकाला ते ऐकूही गेलं नव्हतं. तो कागद पुढं करत होता. "चित्र तुमचंच आहे एवढी सही द्या. घेणारे आतल्या खोलीत बसलेत. सही नसली तर ही नुसती विटामाती हो."

"असं? मग नुसती विटामातीच आहे ती."

"ताई, पुढचं प्रदर्शन तुमच्या एकटीचं ठरतंय. विचार करा."

"केला. हे माझं चित्र नाही. माझ्या चित्रातल्या बाईचे केस पांढरे आहेत." एवढं बोलून ती थांबली नाही, आतल्या खोलीचं दार उघडून घेणाऱ्यांनाही तेच ठणकावून सांगितलं. तिथं चहाचे कप होते तसेच अधांतरी राहिले.

त्या दिवशीच तिचे सगळे कॅनव्हास खाली उतरले. फोन बंद झाले. ज्या पेपरानं डोक्यावर घेतलं होतं, त्यानंच तिला हेकेखोर म्हटलं.  बापानं तिच्या ताटात स्वतः वाढलं, बस्स. आणि बिनसहीची ती जड चौकट दालनात नुसतीच जागा अडवून बसली. न्यायला कुणी येईना, ठेवायला जागा होईना. शेवटी वैतागून मालकानं ती ट्रकात घालून काकूंच्या शेडकडं पाठवून दिली.

उतरवताना चौकट खांबावर आपटली, काकांच्या कानाचा गिलावा उडाला. झालं! ठिणगीनं ड्रायव्हरची, हमालांची आणि इथं नसलेल्या त्या मालकाची अशी काही खरडपट्टी काढली, की न्हावी गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण तसाच ठेवून बघायला आला.

"पुरे गं," काकू म्हणाल्या. "तसंही त्या कानानं त्यांना कमीच ऐकू यायचं."

हमाल चौकट पेलून ताटकळले होते. "आजी, लवकर सांगा. इथं बाहेर टेकवू का?"

"बाहेर नको रे बाबा. आत, सावलीत ठेव. त्यांना ऊन सोसत नाही."