माझा दीर आणि धुऱ्याचा दगड

माझ्या दिराचं नाव देवानंद. गावात कुणालाही विचारा, सगळे त्याच्याबद्दल चांगलंच सांगतील. मला विचाराल तर मी आधी पदर खोचेन आणि मग सांगेन. तो सुधारला आणि झळ आम्हाला बसली. माणसानं सुधारावं, पण आपापल्या घरात सुधारावं. दुसऱ्याच्या वावरात कशाला शिरावं?

आमचं गाव मोर्शीपासून जवळच. काळी जमीन आणि जिकडे पाहाल तिकडे संत्र्याचे बगीचे. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू नव्हती. सासरे पुंजाजी, माझे मालक किसनराव आणि आठवीत शिकणारा देवानंद, अशी तीन पुरुषमाणसं, आणि एकाही माणसाला भाकरी थापता येत नव्हती. देवानंदला मीच वाढवला. त्याचा डबा माझ्याकडे, त्याच्या मारामाऱ्यांच्या तक्रारीही माझ्याकडेच. पुढे तो मोर्शीला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला शिकला. हात सोन्यासारखा, तोंड मात्र गटार. शिवी घातल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे. बायको गीतांजली आली तरी फरक पडला नाही. ताटात मीठ कमी असलं की ताट अंगणात जायचं.

आणि आकडा. विजेच्या तारेवर आकडा टाकावा तर देवानंदनंच. लाइनमन येण्याआधी काढायचा, तो गेला की पुन्हा टाकायचा. आमच्या घरावर आकडा, त्याच्या घरावर आकडा, अर्ध्या गावाला त्यानंच ही विद्या शिकवलेली. चार वर्षांपूर्वीपर्यंत तो असा होता, आणि खरं सांगते, आमचं काही अडलं नव्हतं.

मग अमरावतीला एका प्रार्थनाघराच्या बोअरची मोटार जळाली आणि हा दुरुस्तीला गेला. मोटार एका दिवसात सुरू झाली. हा मात्र दर रविवारी जात राहिला. आम्हाला वाटलं, तिकडे काही मोठं काम मिळालं असेल. पाच-सहा महिन्यांनी माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "वयनी, मी आता येशूले मानतो. गीतांजलीबी मानते. तुमाले दुसऱ्याच्या तोंडून कळू नोये म्हनून सांगून रायलो."

किसनराव दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. गावात लोक म्हणायला लागले की याला पैसे मिळाले. मी मनात म्हणायचे, मिळाले असते तर बरं झालं असतं, निदान त्याच्या घरावरचे गळके पत्रे तरी बदलले असते. काही मिळालं नव्हतं आणि तरी माणूस बदलला होता. हेच तर मला सहन होत नव्हतं. पैसे घेऊन बदललेल्या माणसाला नावं ठेवता येतात. याला कोणतं नाव ठेवायचं?

पहिल्यांदा शिव्या गेल्या. आधी सगळ्यांना वाटलं, आजारी आहे. मग तो जेवून उठला की आपलं ताट आपण घासायला लागला. या घरात पुरुषानं ताट उचललेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. गीतांजली कौतुकानं सांगायला आली तेव्हा मी तिला म्हणाले, "कौतुक राहू दे, उद्या माह्यावाले म्हनतीन का जमुना, पाय, देवानंद कसा चांगला हाय, अन् सोता मात्र जाग्यावरून हालनार नाई." तसंच झालं.

देवीच्या भंडाऱ्याला हा आरतीला उभा राहिला नाही. लोक चिडले. पण पंगती उठल्यावर स्वयंपाकाची मोठाली भांडी, गंज घासायला सगळ्यात आधी हाच बसला होता. आरतीला नाही आणि राखेला हजर. चिडायचं तरी कशावर, हेही तो धड कळू देत नसे.

आणि मे महिन्याच्या ऐन उन्हात त्यानं आकडा काढला. आपला काढला तो काढला, आमचाही काढला. "म्याच टाकला होता वयनी, म्याच काढतो," म्हणे. मीटर बसेपर्यंत तीन आठवडे कूलर बंद. मोर्शीचं ऊन ज्यानं खाल्लं आहे त्यालाच ते तीन आठवडे कळतील. मी रोज त्याच्या दारासमोर उभी राहून बोलायचे. तो ऐकून घ्यायचा, आणि आमच्यासाठी ओल्या गोणपाटाचे पडदे बांधून द्यायचा. उलट बोलला असता तर माझं मन हलकं झालं असतं.

हे सगळं मी गिळलं. पण धुऱ्याचं मला गिळता आलं नाही.

सासरे गेल्यावर जमिनीचे दोन वाटे झाले. नाल्याकडची बाजू देवानंदला आली, शेजारच्या खुशालरावांच्या वावराला लागलेली बाजू आम्हाला. आमच्या त्या कडेला, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अगदी अंगाला, संत्र्याची एक ओळ आहे. एकतीस झाडं. ती मी लावली. विहीर आटली तेव्हा दोन उन्हाळे मी डोक्यावर घागरी वाहून ती जगवली. पहिला बहार धरला तेव्हा मी त्या झाडांखाली बसून रडले होते. माझी स्वतःची म्हणावी अशी या घरात तेवढीच गोष्ट.

आणि ती ओळ आमच्या जमिनीत नव्हती.

आता लपवून काय करायचं, सांगूनच टाकते. खुशालराव पूर्वी अकोल्याला नोकरीवर होते. त्यांचं वावर पडीत असायचं. नांगरताना शेजाऱ्याचा धुरा थोडा कोरणं, हे आमच्याकडे कुणी पाप मानत नाही. पण सासऱ्यांना तेवढ्यानं भागेना. एका पोळ्याला सगळं गाव बैल घेऊन तोरणाखाली उभं असताना ते वावरात गेले. किसनराव आमचे बैल घेऊन पोळ्यात होते. देवानंद तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्यानं सब्बल, म्हणजे पहार, चालवली आणि धुऱ्याच्या दोन्ही टोकांचे दगड सात पावलं आत खुशालरावांच्या वावरात नेऊन रोवले. आणि मी? मी रस्त्यावर उभी होते, कुणी येतं का ते पाहत. सब्बलही मीच घरून नेली होती, लुगड्यात गुंडाळून. त्याच सात पावलांत मी पुढे ती ओळ लावली. दगड सरकल्याचं किसनरावांना पुढे कळलंच, पण त्यांनी कधी विचारलं नाही. माझं मात्र सासरे आणि देवानंद सोडून कुणालाच माहीत नव्हतं. सासरे गेले. उरलो आम्ही दोघं.

खुशालराव निवृत्त होऊन गावात आले आणि म्हणायला लागले, "माह्यं वावर लहान कसं झालं?" लोक हसायचे. शेवटी त्यांनी सरकारी मोजणीचा अर्ज केला. किसनराव निश्चिंत होते. बाकीच्या बाजूंचे जुने दगड कधीच नांगराखाली गेलेले, म्हणून मोजणी या दोन दगडांवरूनच होणार होती. हे दगड मूळचेच आहेत असं किसनरावांनी सांगितलं की काम संपलं.

मोजणीच्या आदल्या दिवशी दुपारी देवानंद माझ्याकडे आला. मी ज्वारी निवडत होते.

"वयनी, उद्या मी खरं सांगनार हाय."

मी सूप खाली ठेवलं. "तू उद्या अमरावतीले जा."

"नाई जात."

"तुले कोनी बोलावलं हाय का? ते विचारतीन तुह्या भावाले. तू काहून मधात येतं?"

"सब्बल माह्या हातात होती. म्हनून."

"अन् झाडं माह्यी जातीन," मी म्हणाले. "तुह्या वाट्यातलं गेलं असतं तर तुले देवमानूस म्हनलं असतं मी. तुह्ये हात साफ करासाठी माह्यी ओळ काहून पायजे तुले?"

तो म्हणाला, "माह्या बगीच्यातली एकतीस झाडं तुमी घ्या. नाल्याकडची. तुमच्यापेक्षा भरीची हायेत."

"तुह्यी झाडं तुह्या देवाले वाहा," मी म्हणाले. आणि मग जे खरं विचारायचं होतं ते विचारलं. "माह्यं नाव घेशीन?"

"माह्या हातानं झालं तेवढं मी सांगन."

"तुले भाकरी म्या चारली, देवा."

"म्हनून तं पह्यले तुमाले सांगाले आलो."

मी त्याला घरातून हाकलला. मागून इतकी बोलले की शेजारणी बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीवाले साहेब आले, हातात यंत्र, बगलेत नकाशा. वीस-पंचवीस माणसं धुऱ्यावर जमली. मी आणि खुशालरावांची बायको मनकर्णाबाई, आम्ही दोघी बाजूला उभ्या. साहेबांनी विचारलं, "हा दगड मूळचा आहे ना?"

किसनराव म्हणाले, "बापजाद्यापासून इथंच हाय."

"नाई साहेब," देवानंद पुढे आला. "हा म्या सरकवला. तिकडचाबी. सोळा वर्सं झाले. पोळ्याच्या दिवशी."

साहेबांनी कागदावरून मान वर केली. "एकट्यानं?"

"माहा बाप होता. तो आता नाई."

"अजून कोण?"

देवानंदनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "मी माह्यं सांगतलं साहेब. दुसऱ्या कोनाचं मले इचारू नोका."

किसनरावांनी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. पूर्वीचा देवानंद असता तर किसनराव त्या दिवशी घरी चालत आले नसते. हा गाल चोळत उभा राहिला. मग दगडापासून आमच्या बाजूला सात पावलं मोजत झाडांपलीकडे आला, आणि तिथं उकरायला लागला. हातभर खाली जुन्या लोकांनी खूण म्हणून दगडाखाली पुरलेला कोळसा निघाला. यंत्र लागलं. माझी एकतीस झाडं खुशालरावांकडे गेली.

त्या दिवसापासून गाव देवानंदला वेडा म्हणतं. आणि मोटार, सातबारा, पोरीचं स्थळ, काहीही विचारायचं असलं की त्याच वेड्याकडे जातं. गावाला लाज नाही.

चौथ्या दिवशी तो आणि गीतांजली आमच्या घरी आले. त्यानं नाल्याकडच्या एकतीस झाडांच्या बुंध्यांना चुना लावून ठेवला होता. "दादा, ही ओळ आजपासून तुमची," म्हणाला. किसनराव कोपऱ्याकडे तोंड करून बसले होते. बसल्या बसल्याच त्यांनी मान हलवली. आणि मी? देवाला वाहा म्हणणारी मी? मीही नाही म्हटलं नाही. झाडं खरंच भरीची होती.

म्हणजे पाहा, माझं काही गेलं नाही. ओळ गेली, ओळ आली. तरी माझा राग उतरेना. देवानंदचा आवाज आला की मी दार लावून घ्यायचे. गीतांजली विहिरीवर दिसली की मी रिकामी घागर घेऊन परत फिरायचे. लोकांना वाटायचं, जमुनाची झाडं गेली म्हणून जळते बिचारी. मीही स्वतःला तेच सांगत होते.

यंदा आंबिया बहाराचा पहिला तोडा झाला. त्या दिवशी मनकर्णाबाई टोपली घेऊन आमच्या दारात आल्या. वरपर्यंत संत्री, मोठाली, तांबूस. माझ्या ओळीतली. मी ओळखली.

"जमुनाबाई," त्या उंबऱ्यात बसत म्हणाल्या, "झाडं तुमी लावेल. घागरीनं पानी तुमी घातलं. पह्यला तोडा तुमचा. आमचे हेबी म्हनाले, बुढ्यानं अन् देवानंदनं जे केलं ते केलं, पन त्या माउलीचा त्याच्यात काय दोष? तिले तं कोनी इचारलंबी नसन."

घरात किसनराव जेवत होते. मला त्यांच्या ताटाचा आवाज येत होता.

मी टोपलीकडे पाहिलं. हात पुढे करायचा आणि घ्यायची, एवढंच तर होतं. एक शब्द बोलायची गरज नव्हती. पण त्या बाईनं मला माउली म्हटलं आणि माझ्या अंगाची आग झाली.

"मी होती तिथं," मी म्हणाले. जोरातच बोलले असेन. "पोळ्याच्या दिवशी. सब्बल म्या नेली होती घरून, लुगड्यात गुंडायून. हे दोघं दगड उपटत होते अन् मी रस्त्यावर पायरा देत होती. आता तरी तुमची टोपली उचला."

आत ताटाचा आवाज थांबला.

मनकर्णाबाई माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाल्या, "देवानंदनं तं सांगतलं नाई."

"नाई सांगतलं."

त्या उठल्या. टोपली त्यांनी उचलली नाही, तशाच निघून गेल्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. किसनराव बाहेर आले, माझ्याकडे न पाहता चपला घालून वावरात निघून गेले, आणि मी त्या टोपलीजवळ एकटीच बसून राहिले.

आता मला माझा राग नीट कळतो. त्या दिवशी धुऱ्यावर देवानंदनं माझं नाव घेतलं असतं, तर मी त्याला घरभेद्या म्हणाले असते, जन्मभर शिव्या दिल्या असत्या आणि वर ताठ मानेनं फिरले असते. त्यानं तेवढीही सोय ठेवली नाही. माझं माझ्यासाठी तसंच ठेवून तो बाजूला झाला, आणि मग ते मला माझ्या तोंडानं सांगावं लागलं. यासाठी मी त्याला कधी माफ करेन असं मला वाटत नाही.