उरलेल्या गोळ्यांचा डबा

जे पिंडी ते ब्रह्मांडी, असं शास्त्र सांगतं. वसईच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझा शौचाच्या तपासणीचा रिपोर्ट पाहून साधारण तेच सांगितलं: "आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. तुमची तुम्हीच उठवलीत."

आजाराचं नाव सी. डिफिसिल कोलायटिस. उपयोगी जिवाणू मेले की एक दांडगा जिवाणू मोकळी जागा बळकावतो आणि मोठ्या आतड्याला सूज येते. मी कोर्टात कारकून आहे. रिकाम्या जागेवर कोण येऊन बसतं, हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

"अँटिबायोटिक कोणतं घेत होतात?"

माझी बायको सुलभा म्हणाली, "डबाच आणते."

आमच्या वटार गावात पूर्वी शेजारी विरजण मागायला यायचे, आता गोळ्या मागतात. बरं वाटलं की कोर्स थांबवायचा, उरलेल्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या, लागेल त्याला द्यायच्या. घसा धरला, दोन. पोट बिघडलं, दोन. त्यात माझा रोजचा उपाशीपोटी चहा आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटीची कॅप्सूल. दुपारी वडापाव. घरच्या वाडीतली केळी, दुधी, अळू सकाळी बाजारात जायची. आम्ही टोस्ट खायचो.

तीन आठवडे जुलाब झाले, तेव्हाही मी डब्यातलंच काहीतरी घेतलं होतं.

डॉक्टरांनी डबा उघडला. "मेडिकल कधी टाकलंत?"

मग व्हॅन्कोमायसिन सुरू झालं. "हेही अँटिबायोटिकच, पण या जिवाणूसाठी. एकही डोस चुकवायचा नाही. सूज वाढली तर आतडं काढावं लागेल."

मला काहीच वाटलं नाही. मी पंखा बघत होतो. त्याचं एक पातं वाकडं होतं.

सुलभा माझ्या संडासाच्या फेऱ्यांच्या रेघा पाठकोऱ्या कागदावर मारायची. पहिल्या दिवशी चौदा. दुसऱ्या दिवशीही चौदा. तिसऱ्या दिवशी सर्जन पोट दाबून, फाइलवर काहीतरी लिहून गेले. सुलभा जिन्यात जाऊन आली. तिचे डोळे लाल होते. मी पाणी मागितलं.

चौथ्या दिवशी सहा रेघा. डॉक्टर म्हणाले, "आतडं तुमच्याकडेच राहील." मी मान हलवली, जशी तारीख पडल्यावर हलवतात.

तुमच्याही घरी असा डबा असेल. डॉक्टरांनी विचारण्याआधीच दाखवा.

आता वेळेवर जेवतो, वाडीतली भाजी आधी घरात येते. "ताक औषध नाही, जेवण आहे," असं बजावून डॉक्टरांनी ताकाला परवानगी दिली. घरात विरजण नव्हतं. सुलभाने शेजारच्या प्रमिलाकाकूंकडे मागितलं. काकू स्वतःच वाटी घेऊन आल्या.

"मेल्या, घाबरवलंस रे! बरा दिसतोस पण. कुठल्या गोळ्या दिल्या? आमच्या ह्यांचं पोट कालपासून बिघडलंय. दोन उरल्या असतील तर दे."

एकही उरली नव्हती. कोर्स पूर्ण करण्याची माझी ही पहिलीच वेळ.