सुनावणी मंगळवारी आहे

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगलच केली. बायकोच्या माहेरची माणसं असलं काही बोलायला लागली की मी उठून बाहेर जाऊन बसायचो. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... पण गेल्या वर्षीची ती गोष्ट डोक्यातून जात नाही.

मी केडगावात राहतो, पुणे रोडपासून जरा आत. रिटायर झालोय. आमच्या भागात रिक्षावर भोंगा लावून ज्या सूचना फिरतात — उद्या पाणी येणार नाही, शनिवारी डोळे तपासणी शिबिर, मंडळाचं रक्तदान — त्यातला आवाज माझा. घरी मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, पेनड्राईव्हवर टाकून अन्वरभाईंना द्यायचं, ते रिक्षा गल्लोगल्ली फिरवतात. भाजीच्या गाड्यावर मी तोंड उघडलं की पोरं म्हणतात, "हे बघ, पाणीवाले काका."

हे काम मला सुभाषने लावून दिलं. तो आमचा माजी नगरसेवक आणि माझा पाचवीपासूनचा मित्र.

आमच्या कॉलनीत बागेसाठी राखलेला एक मोकळा प्लॉट आहे. बाग कधी झाली नाही, पण पोरं तिथे खेळतात, संध्याकाळी बायका बसतात, नवरात्रात दांडिया होतो. त्याचं आरक्षण उठवून दुकानांचे गाळे काढायचा प्रस्ताव आला आणि लोकांच्या हरकती ऐकायला सुनावणी ठरली. प्रस्तावाविरुद्ध सगळ्यात पुढे सुभाष होता. रविवारी सकाळी तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, सुनावणी शुक्रवारी अकराला आहे, सगळ्यांना कळू दे. पेपरात नोटीस येऊन गेली होती. मी ती शोधून वाचली नाही. सुभाषने सांगितलं म्हणजे माझ्यासाठी विषय संपला. रेकॉर्ड करून दिलं, आणि अन्वरभाईंनी त्याच संध्याकाळी सगळ्या कॉलनीत फिरवलं.

सोमवारी सकाळी मी आणि बायको एसटीने पाथर्डीला गेलो. मेव्हण्याचा दहावा होता. रात्री तिथेच राहिलो आणि मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला केडगावात उतरलो.

कोपऱ्यावरच मागच्या गल्लीतल्या निर्मलावहिनी भेटल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. बरोबर तीन-चार बायका होत्या, हातात हरकतींच्या झेरॉक्स. म्हणाल्या, बरं झालं तुम्ही काल कळवलंत, आत्ताच सुनावणीहून येतोय.

मी म्हटलं, सुनावणी तर शुक्रवारी आहे.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. सोमवारी दुपारी चारच्या सुमारास त्यांच्या गल्लीतून रिक्षा गेल्यासारखं वाटलं. माझाच आवाज. 'सुनावणी शुक्रवारी नाही, उद्या मंगळवारी आहे. आधी मी सांगितलं ते खोटं होतं. मला खोटं सांगितलं गेलं.' वहिनींनी मला फोन लावला, लागला नाही. मंगळवारी सकाळी महापालिकेच्या ऑफिसात फोन करून विचारलं, तर सुनावणी त्याच दिवशी निघाली. गल्लीतल्या चौदा जणी मिळेल त्या रिक्षाने गेल्या.

"एक विचारू का?" वहिनी म्हणाल्या. "मंगळवार म्हणताना तुम्ही तीन-चारदा अडखळलात. बरं नव्हतं का?"

लहानपणी मी तोतरा होतो. 'म' वर गाडी अडायची, अजूनही कधीकधी अडते. म्हणून मी एकेक सूचना दहादा रेकॉर्ड करतो आणि स्वच्छ असेल तीच देतो. बाहेर हे कुणालाच माहीत नाही. बायकोला माहीत आहे, आणि सुभाषला. शाळेत माझी टिंगल व्हायची तेव्हा तोच शेजारी बसून माझ्याकडून धडे मोठ्याने वाचून घ्यायचा.

घरी न जाता आधी अन्वरभाईंकडे गेलो. ते म्हणाले, सोमवारी रिक्षा दारातून हललीच नाही. "अँप्लिफायर जळाला ना भाऊ. सोमवारी सकाळीच दुकानात टाकलाय, अजून तिथंच हाय." दुकानात जाऊन पाहिलं. खोलून ठेवलेला होता.

मग सुभाषकडे. वाटेत मी मनात त्याची बाजूच घेत होतो. चुकला असेल, त्यालाच कुणी चुकीचं सांगितलं असेल. तो ओट्यावर पेपर वाचत बसला होता. मी एवढंच म्हणालो, सुभाष, सुनावणी आज होती.

त्याने पेपर खाली ठेवला. चूक झाली म्हणाला नाही, दचकलाही नाही. म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

बस्, तेवढंच. पुढे तो बरंच बोलला... की गाळे झाले तर सगळ्यांचंच भलं आहे, की माझं घर काही त्या प्लॉटसमोर नाही, की आयत्या वेळी भोंग्यावरून मीच त्याचं बिंग फोडलं. मी पाथर्डीचं एसटीचं तिकीट त्याच्यापुढे धरलं. बायकांनी काय ऐकलं ते सांगितलं, अडखळण्याचंसुद्धा. तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. तो उठून आत गेला आणि दार लावून घेतलं.

त्या चौदा जणींच्या हरकती नोंदल्या गेल्या. प्रस्ताव अजून तसाच पडून आहे, आणि प्लॉट मोकळा आहे. पण बाकीच्या गल्ल्यांत तो आवाज कुणीच ऐकला नव्हता. मी आणि वहिनींनी जमेल तितक्यांना सांगितलं, तरी शुक्रवारी तीसेक माणसं रजा टाकून गेली आणि बंद दार बघून परतली. त्यातले काही आजही मला बघून थुंकतात. मागच्या गल्लीत माझे आभार मानतात. दोन्हीकडे मान खाली घालून जातो.

पुतण्या म्हणतो, हल्ली एआयने कुणाचाही आवाज काढता येतो. येत असेल. पण रिक्षा कुणी डोळ्यांनी पाहिली नाही. एक आजी फाटकापर्यंत आल्या होत्या, रस्ता मोकळा होता म्हणतात. आणि सोमवारी चार वाजता, मला खोटं सांगितलंय हे खुद्द मलाच माहीत नव्हतं. तो आवाज कुणाचा, मला आजही सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात सुभाषच्या माणसाने लसीकरण शिबिराचा मजकूर आणून दिला. मी दवाखान्यात फोन करून तारीख विचारली. तारीख बरोबर होती. तरीही तो कागद मी परत पाठवला.