नवा धोटा

नव्या धोट्याने गिरणीतली शिवाशिव संपवली, असे आमचे जुने साचेवाले विणकर आज छातीठोकपणे सांगतात. ते साफ खोटे आहे.

पूर्वी मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे. उष्ट्याचे निमित्त करून अस्पृश्य मानलेल्यांना विणकामाच्या साचाखात्यात मज्जाव होता. मी साचेवाला; माझा एक सोबती वरळीच्या बीडीडी चाळीतला, नुकताच बौद्ध झालेला, कताईखात्यात होता. सदरा इस्त्रीचा, खिशात रुमालाची चौकोनी घडी. बोलताना अंगठा आणि बोट असे चोळी, जणू सुताचा पीळ पाहतो आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांत तो नेहमी माझ्या शेजारी चाले.

"दादा, नवे धोटे येतायत. सूत हातानंच ओवायचं. आता काय अडचण, सांगा?"

"आता कसली रे अडचण!" मी म्हणालो होतो.

धोटे आले. मुकादमाने त्याला माझाच साचा, म्हणजे माग, दिला; पहिली पाळी त्याची, दुसरी माझी. पहिल्याच दिवशी त्याने निर्दोष कापड उतरवले आणि साचा माझ्या स्वाधीन केला. साचा चालू-बंद करायच्या दांड्याला त्याचा हात लागलेला होता. शेजारचे साचेवाले बघत होते. मी पुढे केलेला हात मागे घेतला.

त्याने रुमाल काढला, दांडा पुसला, धोटा पुसला. "घ्या दादा, पुसलाय," एवढेच म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून कताईखात्यात परतला.

पुढच्या मोर्चात तो होता. घोषणा माझ्याइतक्याच जोराने देत होता. आमच्या दोघांमध्ये मात्र त्याने एका माणसाची जागा मोकळी सोडली होती.