पिवळा ठिपका

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचायचो. पिंपळावरची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... रहाटणीहून चाकणला कंपनीच्या बसमध्ये तासभर जातो, तेवढीच करमणूक. माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता. देवावरही बेतानंच, म्हणजे सोसायटीच्या गणपतीत मागच्या रांगेत टाळ्या वाजवण्यापुरता. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय हे बघून कोणी हसलं तर माझी तक्रार नाही.

निघोज्याच्या बाजूला एका कारखान्यात मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. वय त्रेपन्न, पोट त्याहून मोठं. काम असं: गाडीच्या गिअरबॉक्सचा एक पार्ट येतो, त्याच्या भोकात गेज घालायचा. गेज म्हणजे मोजायचा दांडा. एक टोक आत जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये. जमलं तर पेंट मार्करनं पिवळा ठिपका द्यायचा, नाही जमलं तर पार्ट लाल ट्रॉलीत. एका ट्रेमध्ये चोवीस पार्ट.

आता लाज सोडून सांगतो. आमच्याकडे जुन्या लोकांची एक पद्धत आहे. ट्रे आला की आधी चोवीस ठिपके देऊन टाकायचे, मग दोन-तीन पार्टना गेज लावायचा. टार्गेट होतं, कंबर वाचते. मी हे अकरा वर्षं केलंय.

माझी थोरली बहीण मंगलअक्का आमच्याकडेच राहायची. मूळ आम्ही लातूरकडचे. भाऊजी गेल्यावर तिला मीच इकडे आणलं. मूलबाळ नव्हतं. इथे रहाटणीत पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर एक प्रार्थनेचा हॉल आहे, तिथे ती जायला लागली आणि वर्षभरात विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती झाली. आधी घरात कुरकुर झाली, पण बायको सुनीता म्हणाली, "अहो, कुणी का देव असेना, अक्कांचा गुडघा आता दुखत नाही ना?" विषय संपला.

अक्काला सगळ्यात आवडायचा तो शेवट. जगाचा शेवट. भाजी निवडता निवडता ती सांगायची. कर्णे वाजतील, समुद्राचं रक्त होईल, सिंहासनापुढं पुस्तकं उघडतील, ज्याचं नाव नाही तो आगीत. आणि जे प्रभूचे, ते जिंकतील. पण त्याआधी चार दूत चारी दिशांचे वारे धरून ठेवतील, का तर देवाच्या माणसांच्या कपाळावर शिक्के मारून व्हायचेत म्हणून. आणि देवाच्या पुस्तकावरचा सगळ्यात शेवटचा शिक्का मोडला की स्वर्गात अर्धा तास चिडीचूप.

"म्हणजे देवाकडं पण फायनल इन्स्पेक्शन आहे की," मी म्हणालो. "रिटायर झालो की तिथंच लागतो बघ."

"तिथं तपासणारा तू नसशील, सुध्या," अक्का मेथीची काडी मोडत म्हणाली. "तू ट्रेमधी असशील."

सुनीता इतकी हसली की तिचा चहा उतू गेला.

माझी ठिपक्यांची पद्धत मीच एकदा फुशारकीनं अक्काला सांगितली. ती हसली नाही. "न तपासता शिक्का?" एवढंच म्हणाली.

मागच्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. पिंपरीतल्या एका हॉस्पिटलात डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते तिलाही कळलं होतं. मरणाचं तिला काही नव्हतं. तिला एकच घोर — मी. "मी तिकडं जाईन आन् तू हिकडंच ऱ्हाशील. मग कायमचंच. परत भेट न्हाई." हे ती भांडून नाही, बाजारातली पिशवी कुठं ठेवलीस विचारावं तसं सांगायची, आणि तेच सहन व्हायचं नाही.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या कॉटजवळ बसलो होतो. तिनं हात धरला.

"मानतूस का रे प्रभूला?"

मी काय करणार? मरणाऱ्या बहिणीला नाही म्हणू? "हो अक्का," म्हटलं. "मानतो."

तिनं हात सोडला. "न तपासताच ठिपका देलास व्हय," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.

ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट. सुनीता हॉस्पिटलात, मी कामावर. रजा घेता आली असती, पण तिच्या तोंडासमोर जायचं धाडस नव्हतं. सव्वा अकराला ट्रे आला. सवयीनं चोवीस ठिपके दिले, गेज उचलला... आणि आवाज बंद झाला.

कमी नाही झाला. बंद. आमच्या शेडमध्ये प्रेस धडधडतात, कॉम्प्रेसर ओरडतो, डोक्यावर पंख्यांची घरघर असते. सगळं थांबलं. पंखे फिरताना दिसत होते, पण घामेजल्या मानेवर वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. वर भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग खाली ट्रे बघितला. ट्रेमध्ये एकही ठिपका नव्हता. चोवीस पार्ट स्वच्छ, जसे मशिनवरून आलेले. माझ्या ग्लोव्हवर पिवळा रंग ओला होता. मार्करचं टोकही ओलं होतं.

परत ठिपका द्यायचा धीर झाला नाही. मी गेज लावायला सुरुवात केली. एक टोक, दुसरं टोक. पुढचा पार्ट. अकरा वर्षांत पहिल्यांदा एक अख्खा ट्रे मी तपासला. चोविसाव्यातून गेज बाहेर काढला आणि कानावर सगळा कारखाना कोसळला. पावणेबारा वाजले होते.

एकही पार्ट नापास नव्हता. म्हणजे खोट त्यांच्यात नव्हती.

शेजारच्या टेबलावर काळूराम असतो, निघोज्याचाच, पंधरा वर्षांचा दोस्त. तो खांदा हलवत होता. "काय राव, तीनदा हाक मारली. बहिरा झाला का काय?"

"मशिनी बंद पडल्या होत्या ना?"

"न्हाई बा. येड लागलंय का तुला?"

तेवढ्यात सुपरवायझर आला. मोबाइल आमचे लॉकरमध्ये असतात, म्हणून सुनीतानं गेटवर फोन केला होता. अक्का गेली. हॉस्पिटलच्या कागदावर वेळ लिहिली होती, अकरा पस्तीस.

मी पोचलो तेव्हा सुनीता दारातच उभी होती, घाबरलेली. "अहो, अक्कांच्या कपाळाला हळद कुणी लावली? त्यांची माणसं येतील आता, काय म्हणतील! मी हात धरून बसले होते, कुणी आलंच नाही. मी पुसलं, जात नाही."

अक्काच्या कपाळावर मधोमध पिवळा ठिपका होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. विधवा बाई, त्यात विश्वासी. आमच्यातलं कुणी लावणार नाही, त्यांच्यातलं तर नाहीच. मी ओल्या कापसानं घासला. जाईना. वाकलो तर वास आला. हळदीचा नाही... थिनरचा, आमच्या मार्करच्या रंगाचा. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखीन. माझे हात तेव्हा धुतलेले होते, आणि सुनीतानं तो ठिपका मी यायच्या आधीच बघितला होता.

मी कापूस टाकून दिला.

दुपारी त्यांची मंडळी आली. मी अडवलं नाही, दफनच केलं. ठिपक्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. ते टाळ्या वाजवत जिंकल्याची गाणी म्हणत होते, चेहऱ्यावर तर मॅच मारल्याचा आनंद. त्यांच्या हिशोबानं अक्का जिंकलीच होती. रडणारे आम्ही दोघंच.

नंतर कंपनीत कान तपासून घेतले. नॉर्मल. काळूराम म्हणतो, टेन्शननं होतं असं, ठिपके मी दिलेच नसतील. मग ग्लोव्हचं काय? तर म्हणतो, "सोड ना भावा." हॉलमध्येही दोन रविवार जाऊन बसलो. पास्टर भला माणूस आहे. पण मला आत काही हललं नाही, आणि हललं असं खोटं आता सांगवत नाही. कामावर मात्र प्रत्येक पार्ट तपासतो. टार्गेट होत नाही, रोज बोलणी खातो.

गेल्या महिन्यात एक मूर्खपणा केला. जेवणाच्या सुट्टीत वॉशरूममध्ये आरशासमोर उभा राहून मार्करनं स्वतःच्या कपाळावर ठिपका दिला. त्रेपन्न वर्षांचा ढेरपोट्या माणूस, कपाळाला पेंट! स्वतःचंच हसू आलं. हा रंग बोटाला लागला तरी दोन दिवस जात नाही, तेव्हा थिनरची बाटली बरोबरच नेली होती.

बाटली उघडावी लागली नाही. नळाचं पाणी नुसतं मारलं, आणि ठिपका गेला.

का गेला, मला माहीत नाही.