मिल्काबाईंची पुढची खोली

नाशिक रोडला, जेल रोडच्या एका गल्लीत मिल्काबाई झिराडकरांचं बैठं घर आहे. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, सगळं एकामागे एक. सर्वांत मागे मोरी आणि नळ. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते घर असं बांधल्यामुळे झालं, असं मिल्काबाई अजून म्हणतात. शेजारच्या हमीदाला ते पटत नाही. "घराला काय बोल लावतेस," ती म्हणते, "घर तर तुझंच ऐकत होतं."

पुढच्या खोलीत झिराडकरांपैकी कुणी कधी राहिलंच नाही. वर्षानुवर्षं ती नाशिकच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोकांची होती. लोक थोडे. कुणी प्रेसमधून रिटायर झालेला, कुणी देवळालीच्या लष्करी वर्कशॉपमधला, कुणी शाळामास्तर. इथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर नाही, सणाला ठाण्याला नाहीतर पुण्याला जायचं. मग एकदा सगळ्यांनी ठरवलं, शनिवारची, शब्बाथची प्रार्थना इथेच करायची. देणारे पुढे आले. मुंबईच्या एका ट्रस्टने तोरा या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, जिला सगळे सेफेर म्हणतात, ती वापरायला दिली. तिच्यासाठी कुणी सागवानी कपाट दिलं, कुणी खुर्च्या दिल्या, कुणी पंखा. प्रत्येक वस्तूवर रंगाने लिहिलेलं, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. पंख्याच्या पातीवरसुद्धा. पंखा बंद असला की वाचता यायचं.

जागेचा विषय निघाला तेव्हा मात्र सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. नवऱ्याने, हस्केलने, तोंड उघडायच्या आत मिल्काबाई म्हणाल्या, "आमची पुढची खोली घ्या."

खोलीवर कुणी नाव लिहिलं नाही. गरजही नव्हती. लोक म्हणायचे, "शनिवारी मिल्काबाईंकडे."

मिल्काबाईंचं माहेर पनवेलचं. वडील लवकर गेले. शाळेचा गणवेश, पेसाहच्या सणाची बिनखमिराची रोटी, लग्नातली पांढरी साडी, सगळं समाजाच्या फंडातून आलं. देणारे वाईट नव्हते. पण सणाच्या दिवशी सिनेगॉगच्या आवारात नाव पुकारायचे आणि सगळ्यांसमोर पुढे जाऊन घ्यावं लागायचं. घेताना हसावंही लागायचं. "माझे गाल दुखायचे," असं त्या एकदा हमीदाला म्हणाल्या, आणि लगेच भाजी निवडायला लागल्या.

अशा बाईच्या हातात द्यायला एक खोली आली. मग तिने ती कशी दिली, ते बघण्यासारखं होतं. गुरुवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, शुक्रवारी कुस्करून प्रार्थनेसाठी सरबत गाळायचं. खुर्च्या पुसायच्या. कपाटाचा मखमली पडदा त्यांनी स्वतः शिवला. मूल व्हावं म्हणून एलियाहू नबीला नवस केला होता, मुलगा झाला, त्याचं नाव एलिया ठेवलं, घरात एली. त्याच्या वाढदिवसाला गोड पोह्यांचा, नारळाचा मलिदा सगळ्यांना मिळायचा. अडचण एकच होती. सेफेर असलेल्या खोलीत संसार मांडत नाहीत. त्यामुळे तिघं मधल्या खोलीत. आणि प्रार्थनेला आलेली माणसं हात धुवायला मागच्या नळावर जायची, ती मधल्या खोलीतूनच.

सेफेर बाहेर काढायला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर कपाट उघडत नाही. हस्केल गेला तेव्हा बरोबर एक कमी पडला असता, पण तोवर एली मोठा झाला होता. बापाच्या खुर्चीवर तो बसला.

एलीचं लग्न झालं. बायको सिगल, ठाण्याची, इथे एका दवाखान्यात नर्स लागली. मधली खोली त्या दोघांची झाली. पलंग एवढा मोठा, की त्याच्या कडेने एका वेळी एकच माणूस जाऊ शकायचा. मिल्काबाई स्वयंपाकघरात झोपू लागल्या. दर शनिवारी सकाळी त्या मधल्या दारावर टकटक करायच्या.

"उठा गं. माणसं येतील."

"मम्मी, रात्रपाळी करून आत्ता पाठ टेकलीय."

"मग प्रार्थना झाली की झोप. दुपारी कोण येतंय?"

"दुपारी स्वयंपाक कोण करतंय?"

उठावं लागायचंच. एकदा सिगल उठली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माणसं एकामागे एक पलंगाच्या कडेने गेली. सगळ्यांत वडील मोझेसकाका, ते मान खाली घालून चालले आणि पलंगाच्या कोपऱ्यावर आपटले. घाबरून उशीलाच म्हणाले, "सॉरी हं, सूनबाई." एली हसला. सिगल हसली नाही.

बाळ झालं तेव्हा तिने पलंगाभोवती साडीचा पडदा लावला. आत ती बाळाला पाजत बसायची, आणि परत येणाऱ्यांच्या ओल्या हातांचं पाणी पडद्यावर उडायचं. शेवटी मोझेसकाकांनीच विषय काढला.

"वहिनी, कपाट माझ्याकडे हलवू या. देवळालीच्या बंगल्याची पडवी रिकामी आहे. मुलांना खोली होईल."

"म्हाताऱ्या माणसांना एवढं लांब जमेल?"

"मी गाडी पाठवीन."

"आणि पावसात?"

"पावसात गाडीला टप असतो, वहिनी."

सगळे हसले. मिल्काबाईंचा चेहरा उतरला. त्या क्षणी त्यांना काय दिसलं असेल? शनिवारी सकाळी हीच माणसं देवळालीला निघाली आहेत, आणि आपणही सरबताची बाटली घेऊन कुणाच्या तरी पडवीत उभ्या आहोत. पुन्हा कुणाच्या तरी दारात.

"सेफेर या घरातून हलणार नाही," त्या म्हणाल्या. "दिलेलं मी परत घेत नाही."

लोक गेल्यावर सिगल कप विसळत होती. पाठमोरीच बोलली, "दिलीत तुम्ही, मम्मी. गेली आमची."

"तुला काय कमी आहे इथे?"

"दार," सिगल म्हणाली. "लावलं की लागेल असं एक दार."

मिल्काबाईंनी सुताराला बोलावून मधल्या दाराला नवी कडी बसवून घेतली. शनिवारी ती त्याच वाजवत राहिल्या.

वर्ष सरलं. एका संध्याकाळी जेवताना एली म्हणाला, "आई, कागद आले. आम्ही इस्राएलला जातोय. अश्दोदला. सिगलचा भाऊ आहे तिथे."

मिल्काबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. म्हणाल्या, "आणि दहावा कोण?"

एलीने हातातला घास ताटात ठेवला. "मला वाटलं, तू म्हणशील मी एकटी कशी राहू."

सुधारायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात बाळ रडलं, सिगल उठली, एलीने ताट सरकवलं. ते वाक्य तसंच राहून गेलं. हमीदाला त्यांनी ते पुष्कळदा सांगितलंय. दर वेळी त्याच जागी थांबतात.

मुलं गेली. नऊ माणसं शनिवारी यायची, पाहुणा म्हणून कुणी मनमाडहून, कुणी इगतपुरीहून येईल का याची वाट बघायची, आणि बंद कपाटासमोर जमेल तेवढी प्रार्थना म्हणून सरबत पिऊन जायची. मग एकाला पॅरालिसिस झाला, एक मुलीकडे पुण्याला राहायला गेला. ट्रस्टचा फोन आला. ठाण्याकडे एका नव्या प्रार्थनागृहाला सेफेर हवं होतं, इथे ते उघडलंच जात नव्हतं. माणसं आली, आदराने शालीत गुंडाळून घेऊन गेली. पाठोपाठ कपाटही गेलं.

मोझेसकाका दारात घुटमळले. "वहिनी, तुमच्या नावाची एक पाटी करायची राहूनच गेली."

"आता कशावर लावता?" मिल्काबाई म्हणाल्या.

त्यांनी पुढच्या खोलीला रंग लावून घेतला. मधला पलंग सुताराकडून सुटा करून पुढे आणून जोडला, त्यावर नवी चादर घातली, आणि अश्दोदला व्हिडिओ कॉल लावला.

"बघ सिगल, केवढी मोकळी वाटते. दोन्ही खिडक्यांतून वारा येतो."

"छान दिसतेय, मम्मी," सिगल म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच मिल्काबाईंना सोसेना. नात फोनमध्ये तोंड घालून तिकडच्या भाषेत काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"विचारतेय, तिथे कोण झोपतं."

मिल्काबाईंनी फोन वर, पंख्याकडे धरला. "पंखा बघ, पंखा," त्या म्हणाल्या. पंखा बंद होता. पातीवरचं नाव अर्धं उडालं होतं.

त्या अजून स्वयंपाकघरातच झोपतात. हमीदाने एकदा सुनावलं, "आता तरी पुढे झोप. कोण अडवतंय?" त्या एक रात्र झोपल्याही. सकाळी पाठ धरली होती.

परवा शनिवारी हमीदा वाटीभर शेवया घेऊन आली. मिल्काबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या होत्या. फोन मांडीवर होता.

"पोराला फोन नाय केला आज?"

"नाही."

"का? भांडण झालं?"

"नाही गं. तिकडे सकाळ असेल आता." मिल्काबाईंनी मधल्या दाराकडे पाहिलं. दारामागच्या खोलीत काही उरलं नव्हतं, तरी ते लावलेलं होतं. "झोपले असतील. झोपू दे त्यांना."