उसवलेलं नाव

माझा थोरला भाऊ शिंपी. कपडे शिवतो कमी, नावं भरतो जास्त. दवाखान्यातले कोट, गॅरेजवाल्यांचे शर्ट, पोरांची दप्तरं, सगळ्यांवर नावं त्याच्या हातची. चाळीस वर्षं झाली. त्याला मात्र अख्खी गल्ली मास्तर म्हणते आणि मी दादा. शेजारच्या स्टुलावर बसून मी काजं-बटणं करते, म्हणून त्या दिवशीचा तमाशा माझ्या डोळ्यांदेखत झाला.

भाच्याला, म्हणजे दादाच्या पोराला, मुलगा झाला. देवानं बाळ-बाळंतीण सुखरूप ठेवली, मी हात जोडले. आणि मग सुरू झाला नावाचा घोळ. दीड महिना! हे फार गोडगोड, ते फार कडक, हे सुनेच्या साहेबाचं, ते मैत्रिणीच्या कुत्र्याचं. दादानं चार चांगली, जुनी नावं सुचवली. स्वतःचं नाही, तेवढा मानी आहे तो. तर भाचा म्हणतो कसा, "बाबा, तुमच्या नावासारखी नावं नकोत हो. उद्या शाळेत पोरं चिडवतील."

दादानं मशीन तेवढी खडाखडा चालवली.

परवा दोघं नवरा-बायको कोरं दुपटं घेऊन दुकानात हजर. सून हसत म्हणाली, "बाबा, ठरलं एकदाचं! हल्ली जुन्या, भारदस्त नावांचीच चलती आहे. आणि योगायोग बघा, नेमकं तुमचंच नाव निघालं! भरून द्या ना दुपट्यावर."

दादानं चष्मा कपाळावर चढवला. "यादीत कितवं होतं?"

"अं... एकतिसावं."

"म्हणजे तीस नापास झाली तेव्हा माझा नंबर लागला."

"तसं नाही हो बाबा..."

"आणि योगायोग काय? नातवाला आजोबाचं नाव, हा योगायोग?"

एवढं बोलून त्यानं खालचा खण खसकन ओढला. रिळं बाजूला सारून एक निळं दप्तर काढलं आणि मुलापुढे आपटलं. भाच्याचं चौथीतलं दप्तर. दादानं त्यावर पोराचं पूर्ण नाव भरलं होतं, मधे बापाचं. वर्गातली पोरं बापाच्या नावावरून चिडवायला लागली, तेव्हा ह्या पठ्ठ्यानं ब्लेड घेऊन मधलं नाव टाका-टाका उसवलं. पुढचं-मागचं तसंच, मधे नुसती सुईची भोकं. ती भोकंसुद्धा वाचता येत होती. मला वाटलं होतं, ते दप्तर कधीच फेकलं असेल. नाव उसवलं तेव्हा मलाही संताप आला होता. पोर आहे म्हणून गिळला. तो काही पचला नव्हता, हे मला परवा कळलं.

सून नवऱ्याकडे बघतच राहिली. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"नऊ वर्षांचा होतो मी, बाबा," भाचा पुटपुटला.

"हो ना. आणि त्या दिवशी, पोरं चिडवतील म्हणालास, तेव्हा किती वर्षांचा होतास?"

भाच्यानं दप्तर जवळ ओढलं. म्हणाला, "चुकलो. यादीतलं नको. मी तुमच्याकडे मागतोय. द्याल नाव?"

मला वाटलं, दादा विरघळला आता. कसला विरघळतोय! त्यानं सुई-दोरा पुढे टाकला.

"मशीनला हात लावायचा नाही. उसवलंस हातानं, घालायचंही हातानं."

"दुपट्यावर?"

"आधी दप्तरावर. दुपट्याचं नंतर बघू."

मी स्टूल रिकामं केलं. ऑफिसात दहा माणसांवर हुकूम सोडणारा माझा भाचा तासभर सुई टोचून घेत बसला. दादानं दप्तर उजेडात धरलं, भोकांवर बोट फिरवलं.

"पहिलंच अक्षर तिरकं. उसव. परत घाल."

भाच्यानं आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं कात्री पुढे केली.